फुरसतीचा हक्क

चैत्र लागला की मुंबईच्या लोकल गाडीतही वसंत येतो. रुळांकडेचा पांगारा फुललेला असतो. डब्यात टाळ वाजू लागतात, भजनी मंडळाचा सूर लागतो. कोणी वाचनालयाचे पुस्तक उघडतो, कोणी पुढच्या स्थानकावर चढणाऱ्या मित्रासाठी जागा राखतो.

ही सुखे क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांना लागणारी फुरसत श्रमिकांना कोणी दान दिलेली नाही. रविवारची सुटीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरल्यानंतर १८९० साली गिरणी कामगारांच्या पदरात पडली.

आज तीच फुरसत पुन्हा कुरतडली जात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतील कामाची दैनिक मर्यादा नऊवरून दहा तास करण्यास मान्यता दिली. ज्याचे दोन-तीन तास प्रवासातच जातात, त्याने हा वाढीव तास कोठून आणावा? तो पुस्तकातून, गाण्यातून आणि मैत्रीतूनच कापला जाणार.

भाकरीसाठी लढणाऱ्या चळवळीने भाकरीनंतरच्या निवांत तासासाठीही लढले पाहिजे. तो तास म्हणजे चैन नव्हे. माणूस म्हणून जगण्याची ती किमान अट आहे.