जगावे कोणासाठी?

आषाढ लागला की वेळापूरच्या घराघरांतून वेगळीच लगबग सुरू होते. आळंदीहून निघालेली श्रीज्ञानेश्वर माउलींची पालखी नातेपुते आणि माळशिरस येथील मुक्काम आटोपून आपल्या गावी विसावते, आणि अर्धनारीनटेश्वराच्या या गावाला एका रात्रीपुरते पंढरीचे रूप येते. गाव जवळ येताच उतारावरून वारकरी धावत सुटतात. याच जागेवरून तुकोबारायांना पंढरीचा कळस दिसला आणि देहभान हरपून ते धावू लागले, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. तो धावा आजही थांबलेला नाही.

तुकोबांच्या मागून धावणाऱ्यांत एक यात्रिक मात्र असा होऊन गेला, की तो पंढरीच्या वाटेने निघाला आणि येशू ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचला. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. बाणाने विद्ध झालेल्या पक्षिणीवरची त्यांची करुण कविता महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. आषाढीच्या या पानावर एका ख्रिस्ती कवीचे स्मरण कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर टिळकांच्याच बोलण्यात आहे. आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकारामांच्या सेतूवरून, असे ते स्वतः सांगत असत. आपल्या घरच्या सेतूवरून पलीकडे गेलेल्या माणसाला तेथे काय गवसले, हे समजून घेतल्याने आपली निष्ठा उणावत नाही.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, एका ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृताचे ज्ञान, कीर्तनाची हातोटी आणि काव्याची देणगी त्यांच्यापाशी होती. परंतु चित्ताला स्वस्थता नव्हती. एकदा आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्यातील डोंगरावरील प्रवचन वाचून ते हलून गेले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ती मोजली लक्ष्मीबाईंनी. पती परधर्मात गेलेला, पदरी लहानगा दत्तू, भोवती हळहळणारे आणि बोल लावणारे आप्तजन. वियोगाच्या त्या वर्षांतील काही काळ त्यांनी आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरात, नातलगांच्या घरी काढला. विठ्ठलाच्या नगरीत राहून त्या माउलीने ढाळलेली आसवे, मराठी साहित्याचा अलंकार ठरलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मकथनात आजही ओली आहेत. धर्मांतराने घर कसे दुभंगते, हे जाणणाऱ्या कोणाही कुटुंबाने ते दुःख हलके लेखू नये. आम्हीही लेखत नाही. पूर्वजांची वाट सोडण्याचा उपदेश करणे हा या लेखाचा हेतू नव्हे.

परंतु लक्ष्मीबाईंची कथा दुःखापाशी संपत नाही. त्या टिळकांकडे परतल्या तरी प्रारंभी त्यांनी सोवळेओवळे कसोशीने पाळले. परक्या हातचे पाणीही त्या घेत नसत. पुढे एके दिवशी त्यांच्या मनाने प्रश्न केला, की हे उच्चनीच देवाने निर्मिले की माणसाने? माणसानेच, असे उत्तर आतून उमटले, आणि त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी वर्ज्य मानले नाही. बाप्तिस्मा त्यांनी १९०० साली घेतला. त्यांच्या मनाचे दार मात्र त्या पाण्याच्या घोटानेच उघडले होते. मग दारिद्र्याच्या संसारातही त्यांच्या घरात अनाथ मुलांना जागा झाली. ज्या स्त्रीने एके काळी आपला विटाळ जपण्यात आयुष्याचे सार्थक मानले, ती परक्यांच्या लेकरांची आई झाली.

ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा नेमका येथे आहे. जो स्वतःलाच सांभाळत बसतो त्याच्या हातून जीवन निसटते, आणि जो ते दुसऱ्यासाठी वेचतो त्याला ते गवसते, असा येशूच्या शिकवणीचा आशय आहे. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री त्याने कमरेला रुमाल बांधला, पाण्याचे पात्र घेतले आणि आपल्या शिष्यांचे पाय धुतले, असे शुभवर्तमान सांगते. गुरूने शिष्यांचे पाय धुवावेत, ही गोष्ट त्या शिष्यांना अवघड वाटली. वेळापूरच्या माणसाला ती तशी वाटू नये. येथे लहानथोर वारकरी एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतात. शिणून आलेल्या अनोळखी पावलांवर आपल्या आयाबहिणी पाणी घालतात. शब्द वेगळे, उपासना वेगळी, तत्त्वज्ञानातील भेदही खरे. पण पाय धुताना वाकलेली पाठ दोन्हीकडे एकच आहे.

टिळकांनी हे ओळखले होते. मराठी माणसाने ख्रिस्ताला भजावे तर टाळ-मृदंगाच्या साथीने, अभंगांतून आणि कीर्तनातून, असा त्यांचा आग्रह होता. फादर स्टीफन्स यांनी १६१६ सालीच ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ छापून या मार्गाची नांदी केली होती; टिळकांच्या अभंगांनी आणि पदांनी ती परंपरा मराठी चर्चमधून घुमत ठेवली. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, त्यांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्या दरबारात स्थान होते. १९१९ साली ते निवर्तले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्याचा फार मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी लिहिला. अर्ध्याला अर्ध्याने पूर्णत्व द्यावे, हे अर्धनारीनटेश्वराच्या गावास निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

याच श्रद्धेचे दुसरे रूप मिरजेने पाहिले. कॅनडात जन्मलेले डॉक्टर विल्यम वान्लेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उघडले, आणि दक्षिण महाराष्ट्रातील गोरगरिबांनी मिरजेची वाट धरली. मिशनांच्या कार्यामागे धर्मप्रसाराचा हेतू होता, हे नाकारण्याचे कारण नाही आणि त्यावर वादही पुष्कळ झाले. तरी आपल्या देशापासून हजारो कोस दूर येऊन परक्याच्या जखमेवर आयुष्यभर हात ठेवणे, हे केवळ हेतूच्या हिशेबात मावत नाही. त्याच्या मुळाशी एक उत्तर असते: मी माझ्यासाठी जन्मलो नाही.

हा प्रश्न आज प्रत्येक भाविक घराने स्वतःला विचारावा, असे आम्हांस वाटते. आपण देवापुढे हात जोडतो तेव्हा बहुधा काय मागतो? मुलाला नोकरी, मुलीला स्थळ, शेताला पाऊस, दुखण्याला उतार. हे मागणे पाप नव्हे; संसारी माणूस देवाकडे नाही मागणार तर कोणाकडे? पण सारे देवाण-घेवाण मागण्यातच आटोपले, तर देव आपल्या प्रपंचाचा कारभारी होऊन बसतो आणि आपण त्याचे भक्त उरत नाही. ज्या भक्तीचा शेवट आपल्याच उंबरठ्याशी होतो, ती अजून वाटेवरच आहे असे समजावे.

पालखी पुढे भंडीशेगावच्या मार्गास लागते, राहुट्या उठतात, आणि गाव पुन्हा आपापल्या कामास जुंपते. त्या वेळी एखादा थकलेला म्हातारा वारकरी पारावर मागे राहतो. तापाने फणफणलेली एखादी बाई देवळाच्या ओसरीवर पडून असते. आदल्या दिवशी ज्यांच्या पायांवर आपण माथा ठेवला, तीच ही माणसे. पताका आणि मृदंग पुढे गेल्यावर त्यांच्यातला विठ्ठल आपल्याला दिसतो काय? गल्लीतील एकाकी विधवा, ऊसतोडीच्या फडामागे शाळा सुटलेले लेकरू, यांच्या दाराशी वर्षाच्या उरलेल्या दिवसांत आपली वारी जाते काय?

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आरंभ पाण्याच्या एका घोटाने झाला. आपल्याही घरात तो तितक्याच साध्या गोष्टीने होऊ शकेल. यंदा एकादशीचा संकल्प सोडताना प्रत्येक कुटुंबाने आपल्या नात्याबाहेरचे, आपल्या जातीबाहेरचे एक माणूस मनात धरावे आणि पुढील आषाढीपर्यंत त्याचा भार थोडासा उचलावा. तुळशीमाळ गळ्यात तशीच राहील, देव्हाऱ्यातील विठोबाही आपल्या जागी उभा राहील. आणि कटीवरचे त्याचे हात कोणाची वाट पाहत आहेत, हे कदाचित आपल्याला उमगेल.