विश्लेषण : नांदेड-लातुरात ई-मोटारीचा चार्जर वाटून वापरता येईल का? हिशेब कुठे अडतो?

राज्याच्या २०२१च्या ई-वाहन धोरणात कोणत्या शहरात किती सार्वजनिक चार्जिंग स्टेशन हवीत, याची यादी होती. मुंबईला १,५००, पुण्याला ५००, तेव्हाच्या औरंगाबादला ७५, सोलापूरला २०. नांदेड आणि लातूर त्या यादीत नव्हते. २०२५च्या नव्या धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. पण रोजच्या वापरासाठी इथल्या मोटारमालकाची भिस्त घरच्या प्लगवरच आहे. जो भाड्याने राहतो किंवा गाडी रस्त्यावर लावतो, त्याला शेजाऱ्याचा नाही तर ऑफिसचा चार्जर शोधावा लागतो.

एका चार्जरवर किती गाड्या?

दिवसाला ४० किलोमीटर फिरणाऱ्या मोटारीला साधारण सहा युनिट पुरतात. म्हणजे रोज गाडी लावण्याची गरजच नाही. चार दिवसांतून एकदा लावली तर २३-२४ युनिट, आणि ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर त्याला सव्वातीन-साडेतीन तास. ऑफिसच्या वेळेत एक गाडी सकाळी, दुसरी जेवणाच्या सुट्टीनंतर. या हिशेबाने एका चार्जरवर आठ गाड्या सहज निघतात.

अट एकच, गाडीने तेवढी वीज घ्यायला हवी. काही छोट्या मोटारींच्या स्वस्त प्रकारांत आतला चार्जर ३.३ किलोवॅटचाच असतो. भिंतीवर कितीही मोठा डबा बसवला तरी अशी गाडी सात-साडेसात तास जागा अडवते, आणि आठच्या जागी चार गाड्याच होतात. त्यामुळे पाळी ठरवण्याआधी प्रत्येक गाडीची क्षमता विचारलेली बरी. सामाईक विहिरीवर कोणाची मोटर किती एचपीची, हे भाऊबंद आधी पाहतात, तसेच हे.

घरचे बिल कसे वाटायचे?

वाद इथेच होतो. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. समजा, घराचा महिन्याचा वापर २०० युनिट आहे. स्वतःची मोटार महिन्याला हजार किलोमीटर फिरली की त्यात १५० युनिटची भर पडते आणि आकडा ३५०वर जातो. आता शेजाऱ्याच्या गाडीचे १५० युनिट धरले की ५००. म्हणजे शेजाऱ्याचे सगळेच युनिट तिसऱ्या, महागड्या टप्प्यात बसतात. एकूण बिलाला युनिटने भागून सरासरी दर काढला, तर शेजारी फायद्यात आणि घरमालक तोट्यात. एकट्याच्या वापरावर बिल किती आले असते आणि आता किती आले, या फरकाचे पैसे घेणे जास्त न्याय्य. त्यासाठी चार्जरच्या अ‍ॅपमधली नोंद किंवा साधा सबमीटर पुरतो. तोंडी अंदाजावर दोन-तीन महिने निघतात, मग कुरबुर सुरू होते.

पैसे घेतले तर ती वीजविक्री ठरते का?

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ रोजी स्पष्ट केले की, वाहनाची बॅटरी चार्ज करून देणे ही सेवा आहे, विजेची विक्री नाही. त्यासाठी वीज कायद्याखाली परवाना लागत नाही. स्वतःची गाडी घरच्या किंवा ऑफिसच्या आहे त्या जोडणीवर चार्ज करायलाही मुभा आहे. दर त्या जागेच्या वर्गवारीचा लागतो.

परवाना लागत नाही म्हणून मीटर कोणताही चालतो, असा अर्थ मात्र निघत नाही. घरगुती मीटरवर पैसे घेऊन नियमित चार्जिंग सुरू केले, तर मंजूर कारणाबाहेर वीज वापरल्याचा आक्षेप येऊ शकतो. वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये अशा वापराला संबंधित वर्गवारीच्या दुप्पट दराने आकारणी आहे. ‘शेजारधर्म’ आणि ‘धंदा’ यांतली रेषा प्रत्यक्षात धूसर आहे. रक्कम जितकी वाढेल आणि गाड्या जितक्या अनोळखी, तितकी जोखीम जास्त.

भार आणि वायरिंग

अनेक घरांचा मंजूर भार दोन-तीन किलोवॅट असतो. त्यावर ७.२ किलोवॅटचा चार्जर टाकायचा तर आधी भार वाढवून घ्यावा लागतो. १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर चार्जिंग चालते, पण आठ-आठ तास सलग तापणारी वायर जुन्या घरात बेभरवशाची. मे महिन्यात लातूर-नांदेडचा पारा चाळिशीपार असतो, तेव्हा तर अधिकच. स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग आणि आरसीसीबी यावर झालेला खर्चही वाटणीत धरायला हवा. तो सहसा कोणी धरत नाही.

स्वतंत्र मीटर परवडतो का?

ग्राहक हक्क नियमांतील फेब्रुवारी २०२४च्या दुरुस्तीनुसार ई-वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. महानगरे वगळता इतर पालिका क्षेत्रांत नवी जोडणी ७ दिवसांत, ग्रामीण भागात १५ दिवसांत देण्याची मुदत आहे. चार्जिंगची दरवर्गवारी वेगळी असल्याने घरच्या टप्प्यांचा गुंता सुटतो आणि कलम १२६ची टांगती तलवारही जाते. मात्र, स्थिर आकार दरमहा भरावाच लागतो. एका शेजाऱ्यासाठी तो परवडेलच असे नाही. गल्लीतले किंवा ऑफिसातले चार-पाच जण एकत्र आले, तर गणित बदलते.