अकरा महिन्यांचा संसार

वाकड-हिंजवडीच्या बाजूला बांधकाम चालू असलेला 80 लाखांचा टू बीएचके घ्यायचा, तर बँक फार तर 64 लाख देते. वरचे 16 लाख, 7 टक्के मुद्रांक शुल्क, 5 टक्के जीएसटी आणि 30 हजार नोंदणी फी मिळून चावी हाती येण्याआधीच जवळपास 26 लाख पदरचे जातात. साडेआठ टक्के व्याज धरले, तर 20 वर्षे महिन्याला साडेपंचावन्न हजारांचा हप्ता. तसाच फ्लॅट भाड्याने घेतला तर साधारण निम्म्यात भागते.

तरीही माणसे कर्ज काढून घर घेतात, आणि त्याला केवळ हौस म्हणता येत नाही. भाड्याच्या घरातला संसार अकरा महिन्यांच्या करारावर चालतो. दहाव्या महिन्यात मालकाचा फोन येतो: वाढवून द्या, नाहीतर मुलाचे लग्न ठरले आहे. मग पुन्हा एजंट, त्याची महिनाभराच्या भाड्याइतकी दलाली, नवे डिपॉझिट, टेम्पो आणि मुलांची बदललेली स्कूल बस. बॅचलर असाल किंवा आडनाव सोसायटीच्या पसंतीला उतरत नसेल, तर फ्लॅट बघण्याआधीच नकार. हप्ता भरणारा या कटकटीतून सुटका विकत घेत असतो.

गंमत म्हणजे अकरा महिन्यांच्या आकड्याला महाराष्ट्रात आता कारणच उरलेले नाही. वर्षाहून मोठ्या मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून ही पळवाट रूढ झाली. पण 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याने लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असो, नोंदवावाच लागतो. तीन वर्षांचा करार, दरवर्षीची वाढ आधीच ठरवून, आजही करता येतो.

मालक बिचकतात, आणि त्यांची भीती पोकळ नाही. 1947च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, मालकांनी डागडुजी सोडली, पागडीचा समांतर बाजार उभा राहिला आणि दक्षिण मुंबईतल्या मोडकळीला आलेल्या इमारतींचे ओझे म्हाडाच्या गळ्यात पडले. भाडेकरूला अमर्याद संरक्षण देण्याची किंमत या शहराने मोजली आहे. 2017-18च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने मुंबईत सुमारे 4.8 लाख घरे रिकामी असल्याचे नोंदवले. सगळीच मालकांच्या भीतीपोटी बंद नसतील, पण काही नक्कीच असतील.

म्हणून जुना कायदा परत आणा असे कोणी म्हणू नये. 1999च्या कायद्यात मुदतीनंतर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई वसूल करण्याची तरतूद आहेच. मालकाला हवा आहे तो वेळेत निकाल, भाडेकरूला हवी आहे मुदतीची हमी. दोन्ही एकाच करारात बसतात.

सरकारचा कल मात्र खरेदीकडे. 2020च्या सप्टेंबरपासून काही महिने मुद्रांक शुल्कात सवलत दिली, नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या, आणि बिल्डरांचा पडून असलेला माल खपला. त्यात ज्यांच्याकडे आधीच 20-25 लाख जमलेले होते त्यांचे भले झाले. तशीच सवलत एकदा तीन वर्षांच्या भाडेकरारांवर आणि घर भाड्याने देणाऱ्या मालकाच्या मालमत्ता करात देऊन पाहायला हरकत नाही. महसुलाची तूट येईल हे खरे, पण ती पुणे-पिंपरीसारख्या दोन महापालिकांपुरती आधी आजमावता येईल. सोसायट्यांनी भाडेकरूंना लावलेले मनमानी नियम मात्र सवलतीने जाणार नाहीत; तिथे सहकार खात्यालाच नोटीस काढावी लागेल.