खोली शिल्लक नाही



आषाढीच्या तोंडावरची गोष्ट. ज्ञानोबांची पालखी वेळापूर मुक्कामी यायला अजून आठवडा होता. बैठक उरकून मी आणि एक मित्र रात्री स्वस्तातली खोली शोधत निघालो. दोघांच्या खिशात मिळून सातशे रुपये. एक लॉजवाला म्हणाला, "आहे की, साडेपाचशे." मग आधार कार्ड मागितलं. आडनाव वाचलं. परत वाचलं. "आरारा, ती बुक झालीय बघा." दहा मिनिटांनी बैठकीतलाच एक सवर्ण दोस्त गेला. त्याला खोली मिळाली. साडेपाचशेलाच.

शहाणी माणसं विचारतात, आता कुठं राहिलंय असलं? राहिलंय. फक्त शिवी गेली आणि 'फुल्ल आहे' आलं.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना हेच झालं. परदेशात शिकून आलेला माणूस, संस्थानचा अधिकारी. पारशांच्या विश्रामगृहात पारशी नाव लावून, रोज दीड रुपया मोजून राहिला. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक दारात. पैसा खरा होता, जात आडवी आली.

१९२३ साली बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात पास झाला. सार्वजनिक पैशातले पाणवठे अस्पृश्यांना खुले, धर्मशाळाही खुल्या. पाणवठ्यासाठी १९२७ ला महाड करावं लागलं. धर्मशाळेचं महाड कुणी केलं? पंढरपुरात गाडगेबाबांना चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा उभी करावी लागली. १९४९ साली त्यांनी ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. बाबांचे उपकार मोठे. पण वेगळं छप्पर का लागलं, याचा जाब वारीनं आजवर दिला नाही. सगळे एकमेकांच्या पाया पडतात, आणि रात्र झाली की आडनाव विचारतात. चोखोबा पायरीशी थांबला, आपण काउंटरशी.

आपलीही चूक आहे. आपण मुकाट्यानं 'आपल्या माणसाचं' घर शोधतो, नाहीतर एस्टी स्टँडवर पेपर अंथरतो. काही पोरं नुसतं पहिलं नाव सांगून वेळ मारून नेतात. अरे, नाव लपवून मिळालेली खोली ही खोली नाही, लपायची जागा आहे.

संविधानाचं कलम १५ हॉटेलाचं नाव घेऊन बोलतं. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ४ हॉटेल, धर्मशाळा, सराई सगळं मोजतं. कलम १२ तर म्हणतं, गुन्ह्याचं कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडलं, तर ते अस्पृश्यतेपोटीच झालं असं कोर्टानं धरायचं. तसं नव्हतं हे समोरच्यानं शाबीत करायचं.

तेव्हा यापुढं दोघं मिळून जा. नकार मिळाला की मागनं तिसरा पाठवा. वेळ, भाडं, साक्षीदार लिहून ठेवा. मग पोलीस ठाणं गाठा. आम्ही त्या रात्री गेलो नाही, स्टँडवर झोपलो. ती लाज इथं लिहून टाकतोय, म्हणजे पुढच्या वेळी झोप लागणार नाही.