घर त्यांचं, पॅटर्न आपला

लॅबच्या सर्व्हरवरची डिस्क भरत आलीय हे आता मेसमधल्या मावशींनाही ठाऊक झालं असेल! सबमिशनच्या आठवड्यात फाइल सेव्ह होत नाही म्हणून लॅब असिस्टंट सरांच्या टेबलाभोवती जी गर्दी होते, ती पाहून कुणालाही वाटेल की सगळ्यांचे होम फोल्डर एकदा आवरायलाच हवेत. आमच्या टी.ई.च्या उत्साही मंडळींनी ते काम जावात करायचं ठरवलंय. लॉगिनचं नाव पॅटर्नशी ताडून बघायचं, बॅचप्रमाणे फोल्डर लावायचे, पास झालेल्या बॅचचे जुन्या डिस्कवर टाकायचे आणि कुठेच न बसणारे 'किरकोळ'मध्ये ढकलून सेमिस्टरअखेर उडवायचे. आवरण्याला माझा पाठिंबा आहे, उडवण्याला सक्त विरोध.

जावाबद्दल तक्रार नाही. रेग्युलर एक्स्प्रेशन्स २००२ साली जावा १.४ मध्ये आली, आणि २०११ च्या जावा ७ ने पाथमॅचर दिल्यापासून हा प्रोग्रॅम चाळीस-पन्नास ओळींत होतो. सोपा आहे, म्हणूनच भीती वाटते.

आपलं लॉगिन कसं बनतं बघा. आधी प्रवेशाच्या वर्षाचे दोन आकडे, मग ब्रँचची दोन अक्षरं, मग तीन आकडी नंबर. पॅटर्न तोंडपाठ! पण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांच्या लॉगिनमध्ये मध्येच एक 'डी' असतो. म्हणजे ते सगळे 'किरकोळ'. चार महिने रात्री जागून लिहिलेला प्रोजेक्ट किरकोळ! याहून वाईट म्हणजे वाय.डी. लागलेले. त्यांचं लॉगिन पॅटर्नमध्ये अगदी चपखल बसतं, फक्त वर्ष जुनं असल्यामुळे प्रोग्रॅम त्यांना पास झालेले समजतो. (युनिव्हर्सिटीनेही तसंच समजावं अशी त्यांची फार इच्छा असते, पण ते जाऊ दे.) एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही. पॅटर्न जुळला एवढंच जावाला कळतं. माणूस अजून हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर राहतोय हे तिला कुठून कळणार?

स्टाफची लॉगिन नावांवरून आहेत, तिथे वेगळाच घोळ. रोमन लिपीतलं 'राम' शोधायला 'फाइंड' वापरलंत तर तुकाराम, विक्रम आणि रमेश हे तिघंही हजर होतात, कारण 'फाइंड' नावाच्या पोटातही शोधतं. पूर्ण नाव जुळायला हवं असेल तर 'मॅचेस' लागतं.

मग फोल्डरच्या आतलं. आपल्याला शेलची सवय. तिथे नुसता स्टार दिला तर डॉटने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली बाजूला राहतात. जावाच्या ग्लॉबमध्ये तसं नाही, तिथला स्टार त्यांनाही उचलतो. म्हणजे 'सगळं एका फोल्डरमध्ये हलवा' म्हटलं की लॉगिनची सेटिंग्ज आणि एस.एस.एच.च्या किल्ल्यासुद्धा हलल्या. घरमालकाने सामान लावून दिलं आणि किल्ली माळ्यावर टाकली, अशातली गत!

आणि 'रिप्लेस एक्झिस्टिंग'. एकाच नावाची फाइल आधीच तिथे असली तर 'फाइल्स डॉट मूव्ह' एक्सेप्शन फेकतं. आपल्यापैकी बहुतेक जण एक्सेप्शन आलं की पहिल्यांदा त्याचं तोंड कसं बंद करायचं ते बघतात. तो पर्याय टाकला की तोंड बंद होतं, आणि दोन सबफोल्डरमधल्या दोन 'असाइनमेंट वन'पैकी एक कायमची जाते. व्हायवाला कुठली गेली ते कळतं.

मी कॉन्व्हेंटची, माझ्या फाइलींची नावं इंग्रजीतच असतात. पण माझी रूममेट हॉस्टेलच्या गणपतीचा हिशेब 'वर्गणी' नावाने देवनागरीत ठेवते. नेहमीचा 'ए ते झेड' तिला ओळखत नाही, हे समजू शकते. कुणी शहाण्याने 'कुठल्याही भाषेतलं अक्षर' असा युनिकोडचा वर्ग वापरला, तरी 'वर्गणी' नापासच! कारण युनिकोडच्या हिशेबी काना, वेलांटी, हलन्त ही अक्षरं नव्हेत, खुणा आहेत. त्यांचा वर्ग वेगळा द्यावा लागतो. 'कमळ' पास, 'कमला' नापास. मराठी विभागात हे छापून येतंय याचा मला विशेष आनंद आहे.

या प्रोग्रॅमला अॅडमिनचे अधिकार लागणार, एरवी दुसऱ्याच्या फोल्डरला आपल्याला हातही लावता येत नाही. म्हणून माझं म्हणणं : पहिल्या वेळी प्रोग्रॅमने काहीही हलवू नये. कुठून कुठे जाणार याची नुसती यादी छापावी, आणि ती दोन्ही हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर दहा दिवस लावावी. जे जुळत नाही ते जिथल्या तिथे राहू द्यावं. जुळूनही ज्याचं म्हणणं वेगळं आहे त्याने यादीवर पेनने लिहावं. उडवायचं काय ते ज्याचं त्याने उडवावं. सिनेमे कुणाच्या फोल्डरमध्ये आहेत हे ज्याला त्याला चांगलं माहीत आहे, त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन लागत नाही. यादी लावायचं काम मी करते. मुलांच्या हॉस्टेलसाठी मात्र रेक्टर सरांनी कुणालातरी सांगावं.