खोक्यातले विज्ञान

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन याद्या तयार होतात. एक सौभाग्यवतींची. तीत रवा, बेसन, तूप असले जिन्नस असतात आणि ती मी निमूटपणे वाण्याकडे पोचवतो. दुसरी यादी धाकटीची; वय वर्षे नऊ. गेल्या वर्षी तिच्या यादीत एकच कलम होते : 'प्रयोगांचा खोका.'

मागणी रास्त होती. भिंतीवरचे घड्याळ उघडून तिने त्याच्या पोटातली चाके मोजली होती. फ्रिजचे दार लावल्यावर आतला दिवा खरोखर विझतो का, यावर आमच्याकडे तीन दिवस खल झाला होता. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. 'फ्रिज' या शब्दाचे लिंग मी छातीठोकपणे सांगेन. दिव्याचे काय सांगणार?

तेव्हा दुकानात गेलो आणि सर्वांत मोठा खोका उचलून आणला. वर ठळक अक्षरांत '१०१ प्रयोग'. हे एकशे एक कसे भरतात ते पालकांनी ऐकून ठेवावे. खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व यांचा ज्वालामुखी, हा एक प्रयोग. त्यात लाल रंग टाकला की दुसरा. तोच सोडा बाटलीत घालून तोंडाला फुगा लावला की तिसरा! पुड्या एका संध्याकाळी संपल्या. उरली ती तांब्याच्या तारेची छोटी मोटार. ती काही केल्या फिरेना.

मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात होतो. "नीट वाचलं नसशील," एवढे बोलून मोकळा झालो. पोर दोन दिवस धडपडली. तिसऱ्या दिवशी खोका माळ्यावर गेला आणि ती म्हणाली, "बाबा, मला सायन्स येत नाही."

हे वाक्य माझ्या ओळखीचे होते. अकरावीला प्रयोगशाळेत माझ्या पुढ्यातल्या यंत्राचा काटा हलेना, तेव्हा तिथल्या गृहस्थांनी "तुझं हे काम नव्हे" असा निकाल दिला होता. मी तो मान्य केला आणि पुढल्या वर्षी कलाशाखेत गेलो. त्यात कलाशाखेचे भले झाले की नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना विचारावे.

यंदा धाकटीने यादी दिली : आकाशकंदील, फुलबाज्या, नवे बूट. संपली. ती वाचून मी माळ्यावर चढलो.

खोक्यातल्या कागदावर लिहिले होते, 'तारेची टोके खरवडा.' बस्स. मग मी अरविंद गुप्तांची कृती शोधली. हे आयआयटीत शिकलेले अभियंते. १९७८ साली पुण्यातल्या नोकरीतून वर्षाची रजा काढून ते होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण कार्यक्रमात गेले आणि आगकाड्या नि सायकलच्या व्हॉल्वची नळी एवढ्यावर त्यांनी मुलांना भूमिती हाताळायला दिली. पुढे पुण्यातच, आयुकाच्या विज्ञानकेंद्रात, टाकाऊ वस्तूंतून असंख्य खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मोटारीला लागतो एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तारेचे वेटोळे. पण गोम तारेत आहे. तारेवर वार्निशाचा थर असतो. तो एका टोकावरून पुरता खरवडायचा आणि दुसऱ्या टोकावरून अर्धाच! दोन्हीकडे पुरता खरवडला, तर चुंबक वेटोळ्याला अर्ध्या फेरीपर्यंत ओढतो आणि नंतर उलटा खेचतो; ते नुसते डुलत बसते. अर्धे वार्निश ठेवले, की त्या अर्ध्या फेरीत वीज तुटते आणि वेटोळे आपल्या वेगाने पुढे निघून जाते.

मी धाकटीला कागद दाखवला. "'अर्धं' हा शब्द इथे छापलाच नाही."

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही. माझं चुकलं होतं."

तिने फार काही दाखवले नाही; पण ब्लेड मागितले. ते मी दिले नाही, पॉलिशपेपर दिला.

यानंतर मी दुकानदारांना छळू लागलो आहे. खोका उघडून दाखवा म्हणतो. आतला कागद आधी वाचतो. प्रयोग फसला तर काय तपासावे, हे त्यात नसेल तर खोका परत. प्रयोगांची संख्या बघतच नाही. जिन्नस संपले तर कोपऱ्यावर मिळतील का, ते बघतो. चांगले भिंग, आरसा, तार, साधे मोठे चुंबक असले की पोर त्यातून स्वतःचे प्रयोग काढते. चकचकीत, वाटाण्याएवढी जोरकस चुंबके मात्र घरात लहान भावंड असेल तर मुळीच नकोत. दोन गिळली तर ती पोटात आतडे मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. बटणासारखे चपटे सेलही तसेच घातकी. अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत भाजते. उघड्या झाकणाचे खेळणे कितीही विद्वान असो, मी घेत नाही.

आमचा खर्च म्हणाल, तर तपकीर गल्लीत एका फेरीत भागला. वसुबारसेच्या संध्याकाळी वेटोळे पहिल्यांदा फिरले. इतके भरभर की तार दिसेनाशी झाली. आतून सौभाग्यवतींनी चकल्या तळायला हाक मारली, कोणी हलले नाही. धाकटीने बोट लावून ते थांबवले.

"बाबा, चुंबक उलटं ठेवलं तर?"

"ठेवून बघ."

तिने ठेवले, टिचकी मारली. वेटोळे क्षणभर अडखळले आणि उलट्या दिशेने फिरू लागले.