पासष्ट मिलिमीटरांचा न्याय

सप्टेंबर महिना परभणी जिल्ह्यास अलीकडे धार्जिणा राहिलेला नाही. २०२४ साली या महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांतच परभणी, हिंगोली व नांदेड या तिन्ही जिल्ह्यांवर पावसाने असा कहर केला की उभी पिके पाण्याखाली गेली व कित्येक गावांचे रस्ते तुटले. ती जखम भरते न भरते तोच २०२५ चा सप्टेंबर आला, आणि त्या वर्षी एक-दोन दिवसांवर भागले नाही. पावसाने जवळजवळ सबंध महिना मराठवाड्यात ठाण मांडले. महिनाअखेरीस पैठणच्या नाथसागरातून सुमारे तीन लाख क्युसेक पाणी गोदावरीत सोडावे लागले, माजलगावच्या धरणातून सिंदफणेचे पाणी त्यात येऊन मिळाले, आणि पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतील नदीकाठाने नाशिक-अहिल्यानगरकडे पडलेल्या पावसाचीही किंमत आपल्या पिकांनी मोजली.

हा महिना कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने कोणता, हे ज्याने काळ्या रानात पाऊल टाकले नाही त्याच्या ध्यानात यावयाचे नाही. जूनमध्ये पेरलेले सोयाबीन शंभरेक दिवसांनी, म्हणजे नेमके सप्टेंबरच्या उत्तरार्धात, काढणीस येते. बियाणे, खत, फवारणी, निंदणी हा सर्व खर्च तोवर होऊन चुकलेला असतो. उधारीही बहुतेक याच पिकावर घेतलेली असते. अशा वेळी शेतात चार दिवस पाणी साचले की शेंगेतल्या दाण्यास शेंगेतच कोंब फुटतात. कपाशीची खालची बोंडे सडतात, तुरीची मुळे कुजून उभे झाड वाळते. आमची ही काळी जमीन पाणी पिऊन फुगते, भेगा मिटवून घेते आणि मग एक थेंबही खाली जाऊ देत नाही. वाफसा येण्यास आठवडेच्या आठवडे लागतात. जी जमीन अवर्षणात ओल धरून ठेवते म्हणून आपण तिचे गोडवे गातो, तीच अतिवृष्टीत पिकाचा गळा धरते.

आभाळावर फिर्याद लावता येत नाही, आणि आमचे आजचे गाऱ्हाणे आभाळाविरुद्ध नाहीच. पाऊस पडून गेल्यावर तो किती पडला, कोठे पडला व त्याने कोणाचे किती नेले हे ठरविण्याची जी रीत सरकारने घालून दिली आहे, तीविषयी आम्हास बोलावयाचे आहे.

महसूल खात्याची अतिवृष्टीची व्याख्या अशी की, चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरांहून अधिक पाऊस महसूल मंडळात नोंदला गेला पाहिजे, आणि पिकाचे नुकसान निदान ३३ टक्के असले पाहिजे. पासष्ट मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरावर साडेसहा लाख लिटर पाणी. तेव्हा आकडा काही सौम्य नाही. पण आकड्यापेक्षा तो कोठे मोजला जातो हा प्रश्न मोठा आहे. परभणी जिल्ह्याचे क्षेत्रफळ सहा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, गावे आठशेहून अधिक, आणि महसूल मंडळे अवघी बावन्न! म्हणजे सुमारे एकशे वीस चौरस किलोमीटरांत व पंधरा-सोळा गावांत मिळून एक मंडळ, आणि त्या मंडळात ‘महावेध’ योजनेखाली उभे केलेले एक स्वयंचलित केंद्र. सप्टेंबरातील मेघगर्जनेसह येणारा पाऊस एका शिवारास झोडपून शेजारचे शिवार कोरडे सोडतो, हे गुराख्याच्या पोरासही ठाऊक असते. ज्या गावात मापक उभा आहे तेथे चाळीस मिलिमीटर पडले आणि पाच कोसांवरच्या गावात नव्वद पडले, तर कागदोपत्री त्या दुसऱ्या गावातही चाळीसच पडले. शेतकऱ्याचा बांध वाहून गेलेला असतो आणि नोंदवही मात्र कोरडी असते!

सरकारास या उणिवेची जाणीव नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका दिवसात पासष्टचा आकडा न गाठता दिवसेंदिवस रिपरिपणारा पाऊसही पीक नासवतो, हे ओळखून ‘सततचा पाऊस’ ही २०२३ साली राज्याने आपत्ती मानली, आणि हे पाऊल स्तुत्य होते. नदीच्या पुराने झालेल्या नुकसानीचे पंचनामे मापकाच्या आकड्याविनाही होतात. तथापि नाल्याचा फुगवटा मागे सरकून जी रानेच्या राने बुडतात, ती पुरात धरावयाची की पावसात, याचा निर्णय बऱ्याच ठिकाणी पंचनामा करणाऱ्याच्या मर्जीवर राहतो. कायदा जेथे मोघम असतो तेथे गरजू मनुष्य अंमलदाराच्या दाराशी उभा राहतो, आणि ज्याची ओळख आहे त्याचे काम आधी होते. यात आम्ही काही नवे सांगत आहोत असे नाही.

याहून गंभीर गोष्ट पीकविम्याची. २०२३ पासून शेतकऱ्याने एक रुपया भरून विमा उतरावा अशी योजना होती. तीत बनावट अर्ज भरले गेले, नसलेल्या जमिनींवर विमे उतरविले गेले, आणि तिचा बोजा सरकारी तिजोरीस जड झाला, हे खरे आहे. म्हणून २०२५ च्या खरिपापूर्वी राज्याने ती बंद केली व शेतकऱ्याने पूर्वीप्रमाणे खरिपास दोन टक्के हप्ता भरावा असे ठरविले. येथवर आमची तक्रार नाही. परंतु त्याच निर्णयाने स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान व पेरणीच न होणे या चारही कलमांखालील भरपाई काढून टाकण्यात आली, आणि केवळ पीककापणी प्रयोगावरून निघणारी मंडळाची सरासरी हीच काय ती कसोटी ठेवण्यात आली. स्थानिक आपत्तीच्या कलमाखाली शेतकरी बहात्तर तासांत कळवून आपल्या स्वतःच्या शेताची पाहणी मागू शकत असे. रस्ता वाहून गेलेल्या व वीज गेलेल्या गावातून बहात्तर तासांत कळविणे दुर्घटच होते. तरी हक्क हक्कच होता. तो गेल्यावर नदीकाठच्या गावाचे सर्वस्व बुडाले आणि त्याच मंडळातील माळावरच्या गावाचे निम्मे पीक वाचले, तर दोहोंची सरासरी काढून बुडालेल्यास सांगावयाचे की तुझे निम्मेच गेले. घरात चोर शिरला म्हणून कोणी दारच विटांनी बुजवून टाकीत नाही. अर्ज खोटे असतील तर खोटे अर्ज करणारांस व ते भरून देणारांस शिक्षा करावी. खऱ्या शेतकऱ्याचे कलम खोडण्याचे कारण काय?

याच सुमारास आणखी एक कपात झाली. कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी १३,६०० रुपये व तीन हेक्टरांची मर्यादा असा जो दर २०२४ च्या प्रारंभी राज्याने दिला होता, तो मे २०२५ मध्ये मागे घेऊन केंद्राच्या निकषांप्रमाणे ८,५०० रुपये व दोन हेक्टर असा करण्यात आला. विम्याचे छत्र काढले, मदतीचा दर उतरविला, आणि त्यानंतर चार महिन्यांच्या आत तो सप्टेंबर आला. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१,६२८ कोटींची मदत जाहीर केली, मर्यादा पुन्हा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी दहा हजार जोडले. त्यामुळे कोरडवाहू शेतकऱ्यास हेक्टरी १८,५०० रुपयांचा हिशेब दाखविता आला. त्याबद्दल सरकारास दोष देण्याचे कारण नाही. परंतु त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ५,३२८ रुपये होता; म्हणजे ही सर्व मदत साडेतीन क्विंटल सोयाबीनच्या किमतीइतकी झाली, आणि मूळच्या ८,५०० चे तर पावणेदोन क्विंटलही येत नाहीत. बऱ्या वर्षी याच जमिनीत त्या साडेतीन क्विंटलांच्या तिपटी-चौपटीने माल निघतो. शिवाय जे मे महिन्यात काढून घेतले ते ऑक्टोबरात देणगी म्हणून परत करावयाचे, यात रयतेस कृपेची सवय लागते व हक्काचा विसर पडतो.

आणि हा हक्काचाच प्रश्न आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून व सार्वजनिक सभेच्या द्वारे केले काय, तर सरकारचाच दुष्काळसंहिता नावाचा ग्रंथ उघडून त्यात शेतकऱ्यास कोणती सूट व कोणते साहाय्य लिहून दिले आहे ते मराठीत खेडोपाडी सांगितले. परक्या सरकारच्या कायद्यातही रयतेचा हक्क शोधून काढणारी ती दृष्टी स्वकीयांच्या राज्यात मंदावावी, हे शोभत नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे बारावे कलम पाहावे. आपद्ग्रस्तांना द्यावयाच्या किमान साहाय्याची मार्गदर्शक तत्त्वे राष्ट्रीय प्राधिकरणाने घालून द्यावीत असे ते सांगते, आणि त्या साहाय्यात ‘उपजीविकेचे साधन पूर्ववत करणे’ हे स्पष्ट शब्दांत येते. ज्याची माती खरडून गेली त्याचे उपजीविकेचे साधन दुसरे कोणते? ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोरोनाच्या मृतांसंबंधीच्या निवाड्यात असे म्हटले की हे कलम ऐच्छिक नसून बंधनकारक आहे. रक्कम किती हे न्यायालयाने ठरविले नाही, ते प्राधिकरणावर सोपविले. परंतु ‘द्यावे वाटल्यास देऊ’ हा सूर त्या निवाड्याने बंद केला. मराठवाड्यातील वकीलवर्गाने या कलमाचा अभ्यास आपल्या बार-रूमच्या बाहेर आणावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.

हक्क सांगावयाचा तर पुरावा हवा, आणि पुरावा म्हटला की पुन्हा त्या एकुलत्या एका मापकापाशी येऊन थांबावे लागते. या बाबतीत इंग्लंडसारख्या देशाकडून एक गोष्ट घेण्याजोगी आहे. त्या देशात पाऊस हा बाराही महिने बोलण्याचा विषय. पण तो नुसत्या गप्पांवर ठेवला गेला नाही. १८६० साली सायमन्स नावाच्या एका गृहस्थाने ठिकठिकाणच्या हौशी मंडळींकडून पावसाच्या रोजच्या नोंदी मागवून वार्षिक पुस्तक काढण्यास आरंभ केला. प्रारंभी दीडशेहून थोडी अधिक ठिकाणे होती; १९०० साली तो वारला तेव्हा ती तीन हजारांवर गेली होती. नोंद करणारे कोण, तर पाद्री, पंतोजी, डॉक्टर, बागवान. आपल्याकडे हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले खरे, पण खेड्यातल्या माणसाने आपल्या शिवाराचा पाऊस आपण मोजावा, ही सवय येथे कोणी लावली नाही. पाऊस मोजणे हे कचेरीचे काम, आणि आकडा ऐकणे हे आपले, असेच आपण समजत आलो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ‘विंड्स’ नावाची योजना पुढे आणली असून तीत प्रत्येक ग्रामपंचायतीस एक स्वयंचलित पर्जन्यमापक बसविण्याचा संकल्प आहे. त्याची अंमलबजावणी परभणी जिल्ह्यात प्रथम व्हावी अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी केली पाहिजे. स्थानिक आपत्तीचे कलमही विमायोजनेत कायमचे असलेच पाहिजे. परंतु यंत्र येईपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. साधा पर्जन्यमापक म्हणजे एक नरसाळे, एक भांडे व एक मोजपट्टीचे पात्र. ग्रामपंचायतीस न परवडण्याजोगे त्यात काही नाही. जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक गावी आहे व तिला अंगणही आहे.

लोक भांड्यात पाणी ओतून आकडा फुगवतील, अशी शंका कोणी काढील. शेजारच्या पाच गावांच्या नोंदी व हवामान खात्याच्या रडारची चित्रे समोर ठेवली म्हणजे ओतलेले पाणी लपत नाही. आणि एका मापकापेक्षा सोळा मापकांत लबाडी करणे अवघडच. उलट झाडाच्या फांदीखाली किंवा भिंतीच्या आडोशास उभा असलेला एकच मापक चुकला तर त्याची चूक पकडणार कोण?

तेव्हा ज्या गावांना हे पटत असेल त्यांनी १ मेच्या ग्रामसभेत ठराव करावा. मापक शाळेच्या मोकळ्या अंगणात, भिंतीपासून व झाडापासून दूर बसवावा. नोंद रोज सकाळी साडेआठ वाजता घ्यावी, कारण हवामान खात्याचा पर्जन्यदिन त्याच वेळी पालटतो. सुटीच्या दिवशी ती कोणी घ्यावयाची याचे नाव ठरावातच घालावे, नाही तर पहिल्याच रविवारी वही कोरी राहील. नोंद घेणे हे ग्रामपंचायतीच्या सेवकाचे नेमून दिलेले काम करावे. कर्तव्य म्हणून ठेवलेल्या सरकारी नोंदवहीस २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या एकोणतिसाव्या कलमाने पुराव्यात स्थान दिलेले आहे, हौसेच्या टिपणास ते तितक्या सहज मिळावयाचे नाही. वहीच्या पानांस अनुक्रमांक घालावेत, खाडाखोड झाल्यास तेथे सही करावी, आणि जून ते ऑक्टोबर दर सोमवारी एक नक्कल तहसील कचेरीत देऊन पोच घ्यावी. ती पोच वहीतच चिकटवून ठेवावी.